खोबरेल लावलेली ग्रीसर

खरं म्हणजे हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. कारण तेल तिचं होतं. पण एवढा मोठा घोळ पोटात ठेवून माणसाने जगायचं कसं, तुम्हीच सांगा.

मी शाळेच्या फिल्म क्लबात आहे. आम्ही जुने अमेरिकन सिनेमे बघतो. त्यांत पोरं रात्रभर लांबलचक गाड्यांतून एकाच रस्त्यावर चकरा मारतात आणि पेट्रोलची काळजी कुणालाच नसते. अशा पोरांना म्हणतात ग्रीसर. केस चोपडून मागे वळवलेले, चकचकीत.

जूनमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या ऐन हिवाळ्यात, क्लबने शाळेच्या कार पार्कमध्ये पडदा लावला. बाहेरचे लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन येणार होते. आणि सिनेमाआधी दोन मिनिटं बोलणार कोण? मी! हजेरीला जिचा आवाज निघत नाही, ती मी. तिथे फजिती झाली असती, तर मी जन्मात पुन्हा माईक धरला नसता.

वेश अर्थातच ग्रीसरचा. बाकीच्यांनी जेल आणलं. मी म्हटलं, जेल कशाला, घरात खोबरेल आहे की. आईने बाटली गरम पाण्यात धरून दिली, मी अर्धी डोक्यावर ओतली. पोरीला शेवटी तेलाचं महत्त्व पटलं म्हणून आई खूश. वर बाबांचं लेदर जॅकेट. आरशात काय चमकत होते म्हणता!

कार पार्कात अंधार आणि मरणाची थंडी. पण मला काय मान मिळाला! एका पाहुण्याने उठून खुर्ची दिली. दुसऱ्याने गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं. मला वाटलं, वक्त्यांना असंच वागवत असतील. माझी छाती फुगायला लागली.

शेजारी जोन नावाच्या एक आजी बसल्या होत्या. समोरची लांब निळी गाडी त्यांची.

"गाडी कशावर शिकलीस, लव्ह?"

"बाबांच्या गाडीवर."

"मीही. माझे फार ओरडायचे."

"माझे अजून ओरडतात."

जोनने माझा हात घट्ट धरला. "अजून आहेत? किती नशीबवान आहेस तू."

मला जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, म्हातारी माणसं असं बोलतात. मग त्यांनी मला रविवारी गाडीतून फेरी मारायला बोलावलं, मी 'नो वरीज' म्हणून पत्ताही दिला.

भाषण तर असं झालं की विचारू नका. शेवटी मी म्हटलं, "स्टिअरिंग हातात आलं की वय कोण विचारतं?" लोक उभे राहिले. जोन डोळे पुसत होत्या.

मी विजयी वीरासारखी खाली उतरले आणि केस नीट करायला निळ्या गाडीच्या आरशात वाकले. आरशात माझी आज्जी! बाबांचं जॅकेट घालून!

खोबरेल थिजलं होतं. मुळापासून टोकापर्यंत पांढरंशुभ्र.

आता बघा, शंभर लोकांसमोर बोलले, पण एकट्या जोनला 'मी सोळा वर्षांची आहे' एवढं सांगायचा धीर काही झाला नाही. घरी येऊन फक्त आईला सांगितलं. असो. आज रविवार. केस धुतलेत, काळेभोर आहेत. जोन आल्या की दारात जाऊन मी त्यांना सरळ सांगणार आहे की—

"सई, अगं त्या बाई आल्यात. मी म्हटलंय, आज्जी तयार होतायत. ये लवकर, थिजायला वेळ लागतो."