राणीची डावी कूस

माझी फजिती मीच सांगून टाकते. गल्लीतली माणसं सांगायला लागली की त्यात पदरचं घालतात, आणि पदरचं घालायला मी अजून धडधाकट आहे. घ्या, चहा घ्या. ऐका.

तर आमची राणी. म्हैस आहे, सून नव्हे. सुनेचं नाव सुनंदा. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि अंगावरचे केस भादरून त्यात नाव काढायचं. यंदा राणीच्या उजव्या कुशीवर नाव होतं, 'पारूआक्काची राणी'. पारूआक्का म्हणजे मी. राणीनं त्या दिवशी असा रुबाब दाखवला, की गल्लीतल्या पेंटरनं आपणहून आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तिचं चित्र काढलं. जमिनीपासून पार माडीच्या खिडकीपर्यंत! मोरपिसांसकट, कुशीवरच्या अक्षरांसकट. येणारा-जाणारा थांबून चित्र बघायचा, आणि मी कट्ट्यावर बसून बघणाऱ्यांना बघायची.

तीन महिन्यांनी महापालिकेची नोटीस आली. इमारतीवर विनापरवाना मोठं चित्र, त्यात अक्षरं. अक्षरं म्हणजे जाहिरात. सात दिवसांत चुना मारा, नाहीतर आम्ही मारू.

चुना? माझ्या राणीच्या तोंडावर?

मी शाळेची पायरी चढलेली नाही. दुधाची किटली घेऊन पेठेतनं फिरताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले. त्यामुळं जाहिरात कशाला म्हणतात, हे महापालिकेनं मला सांगायची गरज नव्हती. वॉर्ड ऑफिसातनं नियमांचे कागद आणले आणि भिंग घेऊन दोन दिवस वाचले. त्यात सरळ लिहिलं होतं, की माणसाचं किंवा जनावराचं नुसतं चित्र असेल, धंद्याचा मजकूर नसेल, तर परवानगी मिळते. मग काय, कागद घेतले आणि परत वॉर्ड ऑफिसात गेले.

साहेब तरणा होता, पण सभ्य. त्याचं म्हणणं एकच, नाव आहे म्हणजे जाहिरात आहे. मी बाही वर केली.

"हे गोंदलेलं नाव बघा, साहेब. उद्या कुणी माझं चित्र काढलं आणि त्यात हे दाखवलं, तर ती जाहिरात व्हय?"

"नाही."

"मग पेंटरनं म्हशीवर दिसलं ते काढलं. अक्षरं भिंतीवर न्हाईत, म्हशीवर हाईत."

साहेबानं गोंदण वाकून बघितलं. म्हणाला, गुरुवारी पाहणीला येतो, खऱ्या म्हशीवर तीच अक्षरं असली तर चित्र हुबेहूब म्हणून मंजूर. वर माझ्याकडनं लिहून घेतलं, की म्हशीवरची अक्षरं वाचून आमच्याकडं कुणी गिऱ्हाईक येत नाही. मी ठसठशीत सही केली. अंगठा नव्हे, सही.

येताना सगळ्या गल्लीला सांगत आले, चुना मारणाऱ्याला परत पाठवून आले म्हणून. गोठ्यात शिरले, राणीकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. पाडवा होऊन तीन महिने झालेले! केस उगवून म्हैस सगळी एकसारखी काळी. अक्षराचा मागमूस नाही.

आता याला तुम्ही लबाडी म्हणाल. म्हणा. होतं तेच मी परत काढणार होते.

एरवी भादरायचं काम माझा मुलगा करतो, पण तो गारगोटीला गेला होता. बुधवारी मीच मशीन घेऊन बसले. उजवी कूस झाली, झकास झाली. तिथंच उठायचं होतं. पण पलीकडं गेले तर डावी कूस कोरीच की! एवढी ऐसपैस, तुकतुकीत, रोज नदीला जाताना निम्म्या पेठेला दिसणारी जागा. आणि हातात मशीन चालू. तुम्ही काय केलं असतं? मी लिहिलं, 'ताजं दूध, सकाळ-संध्याकाळ', आणि खाली मोबाईल नंबर.

सुनंदा शेणाची पाटी घेऊन मागं उभी होती. म्हणाली, "आत्ती, उद्या साहेब येणार हाय."

"साहेब उजवीकडनं बघणार. चित्रात उजवीच कूस हाय."

ती पाटी घेऊन निघून गेली. माझ्या घरात मला कुणी दोनदा सांगत नाही. त्यांना तशी सवय मीच लावली आहे, दोष कुणाला देऊ?

गुरुवारी साहेब आला. राणीला मी भिंतीलगत उभी केली होती, डावी कूस भिंतीकडं. साहेबानं एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. अक्षर न अक्षर ताडून बघितलं. म्हणाला, हुबेहूब. मंजुरीच्या कागदावर सही करून कागद माझ्या हातात दिला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

शहाण्या बाईनं इथं चहा टाकला असता. मला मात्र टाळ्या चढल्या. म्हटलं, साहेब, नुसतं उभी बघून काय जाताय, पाडव्याला आमची राणी कशी मिरवते ते बघून जा. आणि तोंडातनं हाक निघून गेली, "राणे, फिर!"

पाडव्याला या हाकेवर ती जागच्या जागी गिरकी घेते. शहाणी म्हैस. तिनं घेतली.

साहेबानं सावकाश वाचलं. दूध वाचलं, सकाळ-संध्याकाळ वाचलं, नंबर तर एकेक आकडा करून वाचला. मग माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला.

"आक्का, चित्राचं मागनं बघू. ही तर चालती-फिरती जाहिरात हाय."

उभ्या आयुष्यात मी सरकारी माणसापुढं मान खाली घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली. म्हटलं, अर्धा तास द्या. साहेब आमच्याच कट्ट्यावर बसून पंचनामा लिहायला लागला, आणि मी सगळ्या गल्लीदेखत राणीची डावी कूस मानेपासून शेपटीपर्यंत साफ भादरून काढली. मग कुठं कागद परत मिळाला. भिंतीवरची राणी वाचली. गोठ्यातली मात्र एका अंगानं पाडव्याची, दुसऱ्या अंगानं न्हाव्याकडनं अर्धवट उठून आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साहेबच होता. घरी रोज एक लिटर दूध घालाल काय, म्हणून विचारत होता.

मी विचारलं, "नंबर कुणी दिला, साहेब?"

"पंचनाम्यात उतरून घेतलाय की, म्हशीवरनं." मग म्हणाला, "आणि आक्का, अक्षरं वाचून कुणी गिऱ्हाईक येत न्हाई म्हणून तुम्ही लिहून दिलंय, तेवढं येऊन बदलून जावा."

एरवी त्याला अर्धा तास सुनावलं असतं. पण आता तो गिऱ्हाईक पडला. म्हटलं, येते, येताना दूधच घेऊन येते.