डाव्या हाताला मुंग्या

ऑपरेशनला दहा दिवस झाले आणि माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. दंडाच्या आतल्या बाजूला तर हात फिरवला तरी दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावतोय असं वाटायचं. तिथे सुईचं टोक टेकवून पाहिलं, तर टोचतंय की नाही तेच नीट कळेना.

आळेफाट्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बारा वर्षं मी बायकांची मापं घेतेय आणि तितकीच वर्षं स्वतःच्या ब्लाऊजला डावीकडून आत कापसाची घडी शिवतेय. वयात येताना माझी डावी छाती वाढलीच नाही. नवऱ्याला हे लग्नाआधीच सांगितलं होतं. मला काही फरक पडत नाही, असं तो तेव्हाही म्हणाला आणि नंतरही. मग पुण्याला जाऊन मी त्या बाजूला इम्प्लांट का बसवून घेतलं? तो विचारायचा आणि मी दरवेळी वेगळंच उत्तर द्यायचे.

सासूबाईंना मात्र सांगितलं होतं, छातीत साधी गाठ आहे, काढायचीय. हे सांगताना त्यांची धाकटी बहीण माझ्या लक्षातच आली नाही. डिंभ्याची ती मावशी छातीच्या गाठीनेच गेली होती.

मुंग्यांचं काय करावं कळेना. पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर कागदावर होता. पण फोन केला तर ते म्हणतील, काढून टाका, अशी धास्ती होती. ही झोपण्याची चूक असेल? टाके दुखू नयेत म्हणून मी हात दिवसभर अंगाशी आवळून धरायचे, त्याने असेल? की डावा हात म्हणजे काळजाचंच काही? नवरा पिकअपमध्ये भाजी घेऊन सुरतेला गेलेला. एक दिवस माझ्या हातातून ताट निसटलं, तेव्हा सासूबाईंनीच मला गावातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. अलीकडे काही ऑपरेशन झालंय का, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलून गेल्या, छातीची गाठ काढलीय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गाठीचा रिपोर्ट काय आला, काखेतही काही होतं का, असं ते विचारत राहिले आणि मी रिपोर्ट घरी राहिलाय, घरी राहिलाय म्हणत राहिले. उद्याच्या उद्या पुण्याला जाऊन दाखवा, म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला. भाकरी स्वतः थापल्या, दूध तापवून पुढ्यात ठेवलं. थोड्या वेळाने मी मागच्या दारी गेले, तर त्या नळ सोडून तशाच उभ्या होत्या आणि बादली भरून वाहत होती. मला बघून डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा हात आसाच आदी जड पडला व्हता. आमी गाडीची वाट बघत बसलो. घोडेगावच्या दवाखान्यात नेईस्तवर लई उशीर झाला. तू आमच्यापासून लपवू नको."

मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. लाज होती, भीती होती, आणि त्या रडतात ते माझ्यासाठी की बहिणीसाठी, हेही कळत नव्हतं. मी नळ बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. कापसाच्या घडीपासून.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी गाठ नव्हतीच?"

"नव्हती, आत्या."

"रिपोर्टबी नाय?"

"नाही."

त्या आत निघून गेल्या. पण सकाळी माझ्याआधी लुगडं नेसून तयार होत्या. पुण्याच्या गाडीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं, डावा हात कुणाला लागू नये म्हणून.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला मूठ आवळायला लावली, बोटं फाकवायला लावली, हाताचा रंग आणि सूज पाहिली. ऑपरेशनच्या वेळी हात बराच वेळ बाजूला ताणून ठेवलेला असतो, त्याने करंगळीकडच्या शिरेवर दाब आला असावा, म्हणाले. दंडाची बधिरता काखेजवळच्या सुजेमुळे. बहुधा हळूहळू भरून येईल, महिने लागतील. हात आवळून धरू नका, सांगतो तेवढाच हलवा. ताकद कमी झाली किंवा हात सुजला तर त्याच दिवशी या. आणि फोन का केला नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं.

करंगळीच्या मुंग्या दीडेक महिन्यात गेल्या. दंडाचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. दुकान पुन्हा सुरू केलंय, कापसाची घडी आता लागत नाही, तरी आरशासमोर हात आपोआप तिथे जातो. ज्याच्यासाठी एवढं केलं ते मिळालं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

परवा भाजी निवडताना सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "आता बरं वाटतं का तुला?"

हाताचं विचारतात की दुसरं, ते कळलं नाही. मी हो म्हणाले.