दाजींची प्रेशर टेस्ट

मी टाइल्स बसवतो आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, प्लंबिंग करतात. करायचे. भिंतीत आधी त्यांचा पाइप जातो, वर माझी टाइल लागते, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य या माणसाची वाट बघण्यात गेलं. प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय ते मला भिंतीला हात लावू देत नसत. हातपंपाने पाइपात पाणी भरायचं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दहावर न्यायचा आणि पालथ्या बादलीवर बसून त्याच्याकडे टक लावायची. प्लॅस्टिकचा पाइप सुरुवातीला जरा ताणतो, काटा खाली येतो. लगेच घरमालक गळती शोधायला लागतो. दाजी शांतपणे सांगायचे, जेवण झाल्यावर माणूस पट्टा सैल करतोच ना, तसं आहे हे. मग पुन्हा पंप मारून तासभर ढिम्म हलायचे नाहीत. इकडे माझं कालवलेलं सिमेंट कडक व्हायचं आणि डोकं तापायचं.

त्यांची फिटिंग पुश-फिटची. ना गोंद, ना आटे. पाइपवर पेन्सिलने रेघ मारायची आणि ती फिटिंगच्या तोंडाशी टेकेपर्यंत पाइप आत रेटायचा. आतल्या रबरी रिंगेच्या पुढे गेला की खट्ट बसतो. अर्धवट राहिला तर वाईट, कारण असा जॉइंट कधीकधी टेस्टमध्ये तग धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी सुटतो.

दोन वर्षांपूर्वी मला एका बाथरूममध्ये त्यांची रेघ बोटभर बाहेर दिसली. म्हटलं, चुकलं असेल. पुढच्या कामावर तशा तीन दिसल्या. त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले होते. ताईला मी सांगितलं तर ती म्हणाली, काम सुटलं तर हा माणूस खचेल रे, तू सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं. दाजी पंप आणायला खाली गेले की मी सगळ्या जॉइंटवरून फिरायचो आणि एकेक दाबून बसवायचो. खट्ट. खट्ट. ते वर येईपर्यंत मी आपला भिंत मोजत उभा. तासाभराने ते गेजवर टिचकी मारायचे, बघ, थेंब नाही म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो. खरं सांगतो, मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग माझी कंबर धरली. आठ दिवस अंथरुणात. दाजींनी तिसऱ्या मजल्यावरचं एक बाथरूम एकट्याने केलं, तासभर टेस्ट केली, पास झाली, दुसऱ्याच कुणीतरी टाइल लावली. सात आठवड्यांनी जॉइंट सुटला. घरात कुणी नव्हतं, दिवसभर पाणी वाहिलं आणि खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं भिजून वाया गेलं.

भिंत फोडायला दाजी मला घेऊन गेले. छिन्नी मी चालवली. सुटलेल्या पाइपवरची रेघ त्यांनी बघितली. मग बाकीच्या जॉइंटच्या बघितल्या. सगळ्या बोटभर बाहेर.  

"आजवरचे जॉइंट तू दाबायचास," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"माझ्या हातांचं मला कळत होतं रे. पण टेस्ट पास होत होती, म्हणून मी हातांवर विश्वास ठेवला."

ताईला माहीत होतं का, एवढं त्यांनी विचारलं. मी खाली बघत राहिलो, त्यातच त्यांना काय ते कळलं. मग आम्ही त्या बाईंकडे गेलो. चूक माझी आहे असं सांगायला मी तोंड उघडलं, तर दाजींनी मला हाताने मागे सारलं आणि स्वतः माफी मागितली. बाई ओल्या कपड्यांचे ढीग वेगळे करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी दाजी माझ्या घरी आले. हत्यारं विकून टाकली, असं दारातच सांगितलं. चहा नको म्हणाले. मी लाख समजावलं, दुखण्यापुढे कुणाचा काय इलाज, वयच आहे, वगैरे. मी नुसता बडबडत होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकेक घर आठवून नाव घ्यायला लागले. मास्तरांचं स्वयंपाकघर. डॉक्टरांची दोन बाथरूम. दवाखान्यामागची नवीन इमारत, चारही मजले. सोडावॉटरवाल्याचं दुकान. दोन वर्षांची सगळी कामं त्यांना पाठ होती.

"यातलं माझं कुठलं?" त्यांनी विचारलं. "पूर्ण घर नको. एखादा जॉइंट सांग, जो तू हात लावायच्या आधीच बसला होता."

खोटं एक नाव घ्यायला माझं काय जात होतं? पण मी दर वेळी रेघ बघतही नसे, सरसकट सगळे दाबत सुटायचो. मला एकही सांगता आला नाही.