वाजवायचे दात

मंगळवारी दुपारी माझ्या क्लिनिकमध्ये ट्रम्पेट वाजलं. उमरग्यात हायवेला लागूनच माझा दातांचा दवाखाना आहे, त्यामुळं ट्रकच्या हॉर्नची आम्हाला सवय... पण आतून असा आवाज आल्यावर बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले!

ज्यांनी वाजवलं त्यांना विचारूनच लिहितेय. नाव नको म्हणाले, म्हणून नुसतं मास्तर म्हणते. वय चौसष्ट. लग्नाच्या बँडमध्ये चाळीसेक वर्षं सगळ्यात पुढं उभं राहून ट्रम्पेट वाजवलेला माणूस.

हिरड्यांच्या आजारानं त्यांचे वरचे सगळे दात हलायला लागले होते. ते मीच काढले आणि पुढं वरची कवळीही मीच करून दिली. एकसारखे, सरळ, स्वच्छ दात... मी स्वतःवरच खूश होते.

दीड महिन्यानं मास्तर परत आले. भाकरी खाता येते का, म्हणून विचारलं.

"खायला येतंय की बाई. पण म्या खायला न्हाय, वाजवायला दात मागितले हुते."

खरंच मागितले होते. मी "हो हो, होईल" म्हणून पुढच्या पेशंटकडं वळले असणार...

झालं होतं असं, की ट्रम्पेट ओठांवर दाबून फुंकलं की कवळीवर पुढून जोर यायचा आणि ती मागून सुटायची. एका वरातीत, ऐन चौकात, सुटली. तेव्हापासून पुढं पुतण्या वाजवतो आणि मास्तर मागच्या रांगेत खुळखुळा हलवत चालतात.

हे मास्तरांनी नाही सांगितलं. ते चूळ भरायला उठले तेव्हा सोबत आलेल्या काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हळूच सांगितलं. "घरात बी कुणाशी बोलंना झालेत," म्हणाल्या.

मला लाज वाटली. नवीन कवळी करायची ठरवली आणि पुढच्या वेळी ट्रम्पेट घेऊन या म्हटलं.

कवळी पक्की करण्याआधी आम्ही दात मेणात बसवून तोंडात घालून बघतो. ट्रम्पेटचा ओठाला लावायचा भाग, माऊथपीस, सुटा निघतो. तो मास्तर ओठांवर टेकवून बघायचे. मी दात पुढं घेतले, मागं घेतले, थोडे आखूड केले... दोन वेळा आले, दोन्ही वेळा मान हलवली.

"बसत न्हाय बाई. जागा गावत न्हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं तो माऊथपीस त्यांच्या स्वतःच्या दातांवर टेकत आला होता. ते दात कसे होते? काढण्याआधी मी एक साधा फोटो घ्यायला हवा होता... नाही घेतला.

जुने फोटो आणायला सांगितले. पिशवी भरून आणले बिचाऱ्यांनी. लाल कोट, सोनेरी झुपके, कुठं कुठं टोपी... आणि प्रत्येक फोटोत तोंडाला ट्रम्पेट! फुगलेले गाल, मिटलेले डोळे. दात एकाही फोटोत नाहीत. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ट्रम्पेट नव्हतं, तर ओठ घट्ट मिटलेले.

मास्तरांनाच विचारलं, तुमचे दात कसे होते हो?

"सरळच हुते की."

"इल्ला!" कोपऱ्यातून काकू ठासून म्हणाल्या. म्हणजे नाही. मग दोघांचं कानडीत जरा जुंपलं आणि काकू उठून माझ्याजवळ आल्या. "बाई, तुमच्या जागी मी बसू का जरा?"

मी स्टूल दिलं. काकू मास्तरांच्या अगदी समोर बसल्या. मास्तर लाजून छताकडं बघायला लागले... त्यांच्या तोंडात मेणातले दात, आणि काकू बोटानं दाखवतायत.

"ह्यो मदला दात जरा आत वळलेला हुता. आन् त्याच्या शेजारचा ह्याच्यावर चढलेला. न्हाय, इतका न्हाय... वाईच कमी."

मी मेण गरम करायची, दात हलवायची, परत तोंडात घालायची. काकू बघायच्या, मान हलवायच्या. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. शेवटी त्या थांबल्या.

"हां. आता ह्यांचं तोंड ह्यांचं दिसालंय."

मास्तरांनी माऊथपीस ओठांवर ठेवला. इकडं-तिकडं सरकवला नाही, नुसता ठेवला... आणि तसाच धरून बसले. या वेळी मान हलवली नाही.

मंगळवारी पक्की कवळी घातली. मास्तरांनी आधी एकच सूर लांब धरला. थांबले. जिभेनं कवळी चाचपली. जागच्या जागी! मग मुलगी सासरी निघताना वाजवतात ती धून वाजवली, सगळी, सावकाश. माझ्या असिस्टंटनं न सांगता घरघरणारा कंप्रेसर बंद केला होता. काकू पदर सारखा करत खाली बघत होत्या.

निघताना मी त्यांना विचारलं, इतकं बारीक कसं लक्षात राहिलं तुमच्या?

"पंचेचाळीस वर्षं समोर बसून जेवली की," काकू म्हणाल्या. "दुसरं काय बघणार?"

डेंटिस्ट मी, आणि त्या कवळीचं खरं माप दिलं काकूंनी. खूप खूप आभार, काकू.

त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याकडं बघत बसले. लग्नाला अठरा वर्षं झाली, दात हाच माझा धंदा... आणि याचा कुठला दात तिरका आहे, कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

"काय गं?" म्हणाला.

म्हटलं, काही नाही... हस बरं जरा.