हुकलेली दुनळी

माझ्या वयाची माणसं एकत्र बसली की हळहळीचा बाजार भरतो. कुणी औरंगाबादेतला रस्त्यालगतचा प्लॉट घेतला नाही म्हणून हात चोळतो, कुणी बांधाला लागून असलेलं रान दुसऱ्यानं घेतलं म्हणून. मी गप्प बसतो, कारण माझी हळहळ ऐकली की लोक हसतात. माझ्या बंदुका हुकल्या. दोन बंदुका, आणि त्यांतली एक दोनदा. आता ना नीट दिसतं, ना खांदा धक्का सोसेल. तरी कुठल्या लग्नात बार निघाला की माझं लक्ष नवरदेवाकडं राहत नाही. बंदूक कुठली असेल, एकनळी की दुनळी, हेच डोक्यात घोळत राहतं आणि अक्षता हातातच राहतात.

बंदूक हवी होती याला कारणही होतं. आमचं रान अंबडच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. शाळू दाण्यात आला की रानडुकरं शिरायची. डबे वाजवा, हाकारे घाला, गोफण फिरवा, त्यांना ढिम्म. इतकी निगरगट्ट की डब्याचा आवाज म्हणजे पंगतीचं बोलावणं वाटावं. पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळायचा. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. अर्ज अंबडच्या तहसिलीतून औरंगाबादला जायचा आणि तिकडं निवांत पडून राहायचा. मी मात्र अर्ज केल्याबरोबर बैठकीच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकून मोकळा झालो.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," बायको म्हणाली.

ती भटीण नव्हती आणि मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, पण बाकी म्हण बराबर होती. त्या खुंट्यांवर पुढं कितीतरी दिवस तिनं मुद्दाम मिरच्यांच्या माळा अडकवल्या.

परवाना आला तेव्हा मी गावभर पेढे वाटायचाच बाकी होतो. थोड्याच दिवसांत कळलं की शहागडला फौजेतून आलेला एक गडी आपली एकनळी विकतोय. तो मुलाकडं राहायला जाणार होता. मी पहिली एसटी धरून गेलो. हमरस्त्यावरच्या हॉटेलात तो बंदूक खाकी गिलाफात घालून बसला होता. बंदूक साधी, पण तेलपाणी केलेली, चाप लोण्यासारखा. आमचं ठरलं. चहा झाला. मी हात पुढं केला आणि मागं घेतला, कारण त्या दिवशी शनिवार होता.

शनिवारी आमच्याकडं लोखंड विकत घेत नाहीत. खिळासुद्धा नाही. मी त्याला म्हणालो, "उद्या सकाळी येतो. आज शनिवार हाय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की सरहद्दीवर त्यानं असलं माणूस पाहिलं नसावं. मी रविवारी गेलो तेव्हा बंदूक गेली होती. घेणारा पैठणकडचा होता आणि त्याला वारांचं काही नव्हतं. येताना एसटीत मी शनिमहाराजांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ही पहिली हळहळ.

दुसरीसाठी गावातल्या मालकांबद्दल सांगायला हवं. मालक म्हणजे आमच्या गावचे जुने जमीनदार. निजामाच्या अमदानीत त्यांच्या घरी घोडे होते. पुढं कूळकायद्यात जमिनी गेल्या, घोडे गेले, भाऊबंद वाटण्या घेऊन गेले. उरलं काय, तर नदीकडचं थोडं खडकाळ रान, घरासमोरचा दगडी ओटा आणि विलायती दुनळी. पण त्या दुनळीचा गावात मान होता. पोळ्याला सगळ्यांचे बैल वेशीपाशी उभे राहायचे. मालक धोतर सावरत यायचे, हवेत बार काढायचे, आणि मगच तोरण तुटायचं. कुणाचाही बैल, कितीही उधळलेला असो, त्या बाराआधी वेस ओलांडत नव्हता. घोडे होते तेव्हा मालकांना जेवढा मान होता, तेवढा सगळा आता त्या एका बारात येऊन राहिला होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. आधीचंही साल कोरडंच होतं. विहिरींचे तळ दिसले, बैल कवडीमोल गेले, चांगली पाटलांची घरं खडी फोडायला रस्त्यावर उतरली. बायका पोरांना घेऊन कामावर जायच्या आणि तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायच्या. सरकारी दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटत नव्हती. आमच्या घरी कणगीत मागल्या सालची ज्वारी होती. फार नाही, पण पाऊस येईपर्यंत हात राखून खाल्ली तर पुरेल एवढी. ती कणगी बायकोच्या ताब्यात होती. मलाही तिकडं हात घालायची सोय नव्हती.

अशात एका सकाळी मालक आमच्या घरी आले. हातात दुनळी. ते कुणाच्या दारात जात नसत, लोकच त्यांच्या ओट्यापाशी जात. मी लगबगीनं घोंगडी अंथरली. मालकांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बघ."

काय सांगू! दस्ता अक्रोडाचा, हाताला गुळगुळीत. बंदुकीच्या घोड्यांपाशी पोलादावर तित्तिराची जोडी कोरलेली, पिसं मोजून घ्यावीत अशी. नळी मोडून आत पाहिलं तर आरशासारखी. खांद्याला लावली तर अशी बसली, जशी काही माझा खांदा बघूनच घडवली होती. अंगणातल्या लिंबावरचा कावळा मी उगाचच नेमात धरला. कावळ्यालाही कळलं असावं, तो उडाला.

"तुला परवाना आलाय म्हणत्यात," मालक म्हणाले. "मला आता नीट दिसत न्हाई. दोन पोती जवारी दे अन् घेऊन टाक. दुसऱ्या कुणाला दिली नसती."

दोन पोत्यांत ती दुनळी म्हणजे फुकटच. मी हो म्हणणार तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. बायकोनं गूळपाणी पाठवलं आणि पाठोपाठ मला आत बोलावलं.

"न्हाई घ्यायची," ती हळूच म्हणाली.

"येड लागलं का तुला? दोन पोत्यात असली चीज जन्मात मिळायची न्हाई!"

"जरा दारातून बघा."

मी बघितलं. मालकांनी गुळाचा खडा तोंडाला लावला, इकडंतिकडं पाहिलं, आणि उरलेला उपरण्याच्या टोकात बांधला. घरी नातू होता.

"त्यांची सून किती दिस झाले गिरणीवर दिसली न्हाई," बायको म्हणाली. "सकाळचा धूर निघत न्हाई त्यांच्या घरातून. मालक बंदूक इकायला न्हाई आले. दाणे मागायला आलेत, तोंड उघडत न्हाई म्हणून बंदूक आणलीय."

"मंग बराबर हाय की. त्यांना दाणे, आपल्याला बंदूक. पाप काय त्यात?"

"पाप न्हाई. पण उद्या गाव म्हणंल, मालकानं बंदूक इकून भाकर खाल्ली. पोळ्याला बार तुम्ही काढणार का? अन् ते कुठं उभे राहतील, गर्दीत?"

मला राग आला. खरंच आला. चांगल्या कामात अडथळा आणणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असलं तर त्याहून नाही. मी म्हणालो, "मंग देऊ का तसेच दोन पोती? घेतील ते?"

"तुमच्या हातून न्हाई घेणार," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बंदूक परत करा. कसं ते तुम्ही बघा."

बाहेर येऊन मी घोंगडीवर बसलो. काय सांगावं? परवाना आल्याचं मीच गावभर सांगून बसलेलो. शेवटी जे सुचलं ते बोललो. "मालक, आमची घरची न्हाई म्हणून राह्यली. तिला बंदुकीचं लई भ्याव वाटतं. घरात आणली तर म्हायेरी जाईन म्हणती."

मालक माझ्याकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. "एवढा डुकरं मारायला निघालेला गडी, अन् बायकोला भितो!" त्यांनी दुनळी उचलली, खांद्याला लावली आणि आले तसे ताठ चालत गेले. ती गोष्ट त्यांनी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितली. पुढं वर्षभर मी पारावरून गेलो की कुणीतरी म्हणायचं, "हळू बोला, घरी कळंल." मी दात चावून ऐकून घ्यायचो. पण मालकांच्या ओट्यावर हसणं ऐकू येत होतं, आणि आत भिंतीवर दुनळी होती.

बायकोनं काय केलं ते पुढच्या शुक्रवारी कळलं. ती मालकांच्या घरी गेली आणि सुनेला म्हणाली, "मी देवीचं धरलंय, पाच शुक्रवार सवाशिणीची ओटी भरायची. दुष्काळात कुणी मोकळं न्हाई, सगळ्या कामावर. तेवढं माझं पार पाडा, न्हाई म्हणू नका."

ओटीला कोण नाही म्हणेल? सून आली. बायकोनं पाटावर बसवलं, कुंकू लावलं. नारळ कुठून आणणार, सुपारी ठेवली. आणि मग पदरात ज्वारी. ओंजळीनं घालायला सुरुवात केली ती सुपानं संपवली. त्या बाईला उठताना पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला एवढंच.

पाच शुक्रवार झाले. मग बायकोला आठवलं की एका शुक्रवारी नैवेद्य राहिला होता, म्हणून पुन्हा पाच. मग आणखी कसलीशी चूक निघाली. मी म्हणालो, "तुझी देवी लई हिशेबी दिसती." तिनं मला मिलोची भाकरी वाढली. आता आमच्याही ताटात तीच असायची, ज्वारीची सणासारखी एखाद्या दिवशी. मी कुरकुर केली आणि खाल्ली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला माझ्या बायकोकडं बघायला नव्यानं आवडू लागलं होतं, पण ते काही मी तिला बोललो नाही. आमच्याकडं तशी पद्धत नव्हती.

पुढच्या साली पाऊस झाला. पोळ्याला गावात बैल निम्मेही उरले नव्हते, पण वेशीत मालक आले, त्यांनी बार काढला आणि तोरण तुटलं. सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी बायकोकडं बघितलं तर ती बैल बघत होती.

त्यानंतर काही वर्षांनी, दशक सरत आलं तेव्हा, मालकांच्या मुलाला अंबडला नोकरी लागली आणि त्यांनी गावातलं आवरायला घेतलं. एका बाजाराच्या दिवशी अंबडलाच मला कळलं की दुनळी गेली. मंठ्याकडच्या कुणा बागायतदारानं नेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा परवाना जिवंत होता. आता दुष्काळ नव्हता, लाजायचं कारण नव्हतं, मागतील ते दिलं असतं. मला नुसतं विचारायचंही नाही? मी बाजार तसाच टाकून गावी आलो आणि थेट मालकांच्या ओट्यावर गेलो.

मालक आता फार थकले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मालक, मला एक शब्द टाकायचा व्हता. मंठ्याच्या माणसाला दिली, अन् मी मेलो व्हतो का?"

"बस," ते म्हणाले.

मी बसलो नाही. ते जरा सरकले आणि मला जागा केली.

"तुला बंदूक दिली असती तर तू काय दिलं असतंस?"

"तुम्ही म्हणाल ते!"

"तुझ्याकडनं पैसा मी कसा घेतला असता? अन् तशीच दिली असती, तर दाणे फेडल्यासारखं झालं असतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लेकरा, ती ओटी व्हती. ओटी फेडत न्हाईत."

मला वाटत होतं त्यांना माहीत नाही. बायकोलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं, कुणाला काही कळलं नाही, अशा खुशीत होतो.

"पहिल्या शुक्रवारी भाकर पानात आली," मालक म्हणाले, "अन् मी सुनेला विचारलं, कुठली गं? ती म्हणाली, ओटीतली. मी जेवलो. माझ्या सुनेला आई न्हाई. तुझ्या घरानं तिला म्हायेर दिलं, अन् मला माझा ओटा. अन् मी तिथं बसून तुझ्या बायकोवर हसून राह्यलो व्हतो, कारण दुसरं काय करावं ते कळंना."

माझा राग कुठं गेला ते समजलं नाही. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्या काय पाया पडतूस? घरी जा अन् तिच्या पड."

आमच्याकडं नवरा बायकोच्या पाया पडत नाही. ऐकलं तरी लोक हसतील. मी घरी आलो. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी वाकलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पिठानं भरलेल्या हातांनी ती मला ढकलत म्हणाली, "हे काय? सोडा, भाकर करपती! आता कुठं नवी बंदूक बघून आलात?"