रविवारी हातावर दही

नातू कॉलेजसाठी माझ्याकडे, इकडे हिंदी मुलखात चेरीतालला राहायला आला आणि दुसऱ्या वर्षी फोनकडे बघून गालात हसू लागला. मी लगेच ताडलं, मुलगी आहे!

ताडायची ही खोड जुनीच. नव्या नवरीपणी यजमान खमरियाच्या फॅक्टरीतून उशिरा आले की मी त्यांचा शर्ट हुंगत असे. वास यायचा मशीनच्या तेलाचा, पण बाईसाहेबांना त्यात मोगरा सापडे. लगेच अबोला. ते बिचारे ओव्हरटाइमने दमलेले, भाजीत मीठ नाही हे सांगायचीही चोरी. म्हातारपणी मला अक्कल यावी ना! छे. मी मनातल्या मनात नातसुनेची साडीसुद्धा निवडून ठेवली.

मग एका रविवारी आंघोळ करून त्यानं तळहात पुढे केला. "आजी, दही दे ना."

आमच्याकडे परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतात.

"काहून रे, रविवारी कशाचा पेपर?"

"वो... इंटरनल है. ऑनलाइन."

दही चाटून स्वारी थेट टीव्हीसमोर. मॅच सुरू झाली. आपला भरवशाचा फलंदाज बाद झाला, मी हळहळले, आणि यानं मूठ आवळून "येस!" केलं. आपला गडी बाद झाल्यावर खूश होणारा माणूस या घरात मी पहिल्यांदाच पाहत होते.

"फोनवर मॅचवर पैसे लावून राहिला ना तू?"

"काहीही काय आजी! टाइमपास आहे. सब खेलते हैं."

"अच्छा? मग मागच्या आठवड्यात गणिताचा पेपर होता, तेव्हा दही नाही मागितलंस ते?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग पुटपुटला, "अर्ध्या तासात कोरा देऊन आलो. दोपहर की मॅच थी."

आता पुढच्या महिन्यात तोच पेपर पुन्हा. तोही गेला तर वर्ष गेलं. त्याच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हे बघ, ॲप डिलीट," त्यानं माझ्यासमोर करून दाखवलं. मी मान डोलावली. विश्वास ठेवला नाही. फोन माझ्या कपाटात बंद, आणि हा "अभ्यास करून राहिलो" म्हणाला की मी पुस्तक उचलून त्याखाली दुसरा फोन नाही ना, ते बघून येई.

पेपरच्या दिवशी मी त्याच्याबरोबर ऑटोत बसले.

"आजी, सब हसेंगे."

"हसू दे."

कॉलेजच्या गेटसमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर मी पेपर सुटेपर्यंत ठाण मांडलं. या वेळी तो सगळ्यांत शेवटी बाहेर आला.

"कसा गेला?"

"पूरा लिखा. फोन दे ना."

दिला, आणि त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघत बसले. त्यानं आईला फोन लावला. सगळं सांगितलं, कोऱ्या पेपरासकट. पलीकडून बराच वेळ ओरडा ऐकू येत होता. तो मान खाली घालून "हो आई, हो आई" करत होता.

तरी ऑटोत बसताना मी हात पुढे केला. त्यानं फोन दिला. पण हातातून सोडायला जरा जास्तच वेळ लावला.