जेवण जातंय का?

आहारतज्ज्ञ म्हणून राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात लागले, तेव्हा वाटलं होतं, या नोकरीत सांगण्यासारखं काय घडणार? पेशंट भरती झाला की त्याचं वजन करायचं आणि विचारायचं, वजन उतरलंय का, जेवण जातंय का? अंगात ताकद नसलेला माणूस वेळीच ओळखता यावा, एवढाच हेतू. पण कोल्हापुरात जेवणाचा विषय काढला की कुणी गप्प बसत नाही. किस्से आपोआप साठत गेले.

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना विचारलं, "जेवण कमी झालंय का?" ते तोंड उघडायच्या आत मुलगाच उसळला, "म्हंजे? आमी आबास्नी उपाशी ठेवतोय व्हय?" आबांना भूक नव्हती, हे मला कळायला मुलाला आधी चहाला पाठवावं लागलं.

एका आजींना विचारलं, "भाकरी किती खाता?"

"अर्धी."

"केवढी असते भाकरी?"

आजींनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं पाहिलं. "हिची का माझी?"

हुपरीचे एक चांदी कारागीर काट्यावर चढेचनात. "आदी रिकामा काटा दावा!" दाखवला. मग चढले, उतरले, पुन्हा चढले. वजन बरंच उतरलंय म्हटल्यावर म्हणाले, "एवढी घट आमच्या भट्टीतबी जात न्हाय!"

एकदा एक पैलवान भरती झाले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं काय बघायचं? दारात मावंनात!" मी तरी विचारलं. पैलवानांनी निमूटपणे शर्ट वर केला. पॅन्ट सुतळीनं बांधलेली! कित्येक दिवस घास गिळवत नव्हता. सिस्टरनी त्याचा इतका धसका घेतला की पुढं औषध कंपनीच्या एमआरलाही त्यांनी काट्यावर उभं केलं.

आणि मलकापूरकडचे ते काका. पोटाचं ऑपरेशन करायचं होतं, पण वजन फारच कमी. "थोडं वाढल्याशिवाय हात लावणार नाही," असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. मी अंडी, दूध, तूप घातलेली खिचडी सुरू केली. ताट दरवेळी लख्ख होऊन परत यायचं आणि काटा काही हलायचा नाही. उलट खालीच! राउंडला सर्जन माझ्यावर डाफरले, "तुम्ही नक्की देताय काय त्यांना?" मला बोलणं लागलं, पण त्याहून काकांची धास्ती वाटत होती.

एके दुपारी ताट गेल्यावर मी मागोमाग वॉर्डात गेले. भरती झाल्यापासून काकू तिथंच फरशीवर झोपायच्या. हॉस्पिटलचं जेवण मात्र पेशंटपुरतंच. अर्धी खिचडी काकूंच्या पुढ्यात होती. काका दुधाचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावत होते आणि त्या हातानं सारत म्हणत होत्या, "मी खाल्लोय की वो, तुमी प्या."

मी चिडलेच. "काका, असं कसं चालेल? तुमचं ऑपरेशन अडलंय!"

काकांनी ग्लास खाली ठेवला नाही.

"म्याडम, माझं वजन रोज करताय. हिचं एकदा करा की!"